जागेवर कोण

“तुमच्या जागेवर घरी कोण असणार?” सिस्टरनं विचारलं, तेही मान वर न करता, कागदावर खुणा करत करत, आणि कुसुम दचकली. प्रश्न काही वाकडा नव्हता. घरी नवरा तीन वर्षं अंथरुणाला खिळलाय, उजवी बाजू गेलीय, हे कुसुमनंच तिला सांगितलं होतं, म्हणून त्या बिचारीनं विचारलं. पण ‘जागेवर कोण’ हे शब्द! नवरा पडला आणि नोकरी सुटली, तोवर चाकणच्या कंपनीत एकोणीस वर्षं ते तिच्या कानांवर आदळले होते. लाइनवरची बाई जरा हलली की सुपरवायझर लांबून ओरडायचा, सात नंबर, जागेवर कोण? आणि कुणीतरी म्हणायचं, मी हाय. त्या कुणीतरीचं नाव कुसुमच्या जिभेवर आलं, अगदी दातांपर्यंत आलं, आणि तिनं ते आवंढ्याबरोबर गिळून टाकलं. “बघते,” ती म्हणाली. “बघते नाही काकू,” सिस्टर म्हणाली, “दोनदा तारीख घेऊन आला नाहीत तुम्ही. डॉक्टरांनी लिहिलंय बघा, आता पुढे ढकलायचं नाही. आठ महिने शौचातून रक्त पडतंय, गंमत आहे का?”

मग तिनं आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीआधी पोट साफ करायचे प्रकार सांगितले, भाजीवालीनं भाव सांगावेत तसे, एका दमात. एक मोठा डबा: त्यातली पावडर दोन लिटर पाण्यात कालवायची, अर्धं पाणी आदल्या संध्याकाळी सहापासून, अर्धं तपासणीच्या दिवशी पहाटे, दर पाव तासाला एक ग्लास. दुसरी छोटी बाटली, पटकन संपते, पण ती कुसुमला नको. बीपीच्या गोळ्या चालू आहेत, किडनीवर ताण यायचा. गोळ्याही असतात, पण त्यांच्यामागे पाणी तेवढंच ढोसावं लागतं. तीन दिवस आधीपासून पालेभाजी, भाकरी, बिया बंद. आदल्या दिवशी नुसतं पाणीपाणी: नारळाचं, लिंबाचं, वरणाच्या वरचं गाळून घेतलेलं. दूध नाही. कोकम सरबत तर नाहीच, आतमध्ये तो लाल रंग रक्तासारखा दिसतो. “आणि शेवटी काय बाहेर आलं पाहिजे? पिवळसर, नितळ पाणी. तळ दिसला पाहिजे.” कुसुमनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “यातलं कमी वेळा जावं लागतं असं कुठलं?” सिस्टर खळखळून हसली. “अहो काकू, जाण्यासाठीच तर घ्यायचं! जितकं जाल तितकं चांगलं.” हसतेस काय बाई, कुसुमच्या मनात आलं. जायचं असून न जाण्यात माझा जन्म गेला, तुला काय माहीत.

आणि यात खोटं काय होतं? हातात तो पावडरचा डबा घेऊन ती डांगे चौकात आली, रिक्षांच्या गर्दीतून वाट काढत थेरगावच्या आपल्या गल्लीकडे वळली, आणि जिथं कंपनीची बस थांबायची तिथं तिचे पाय आपोआप रेंगाळले. सहा वाजून दहा मिनिटांची बस. बसमध्ये एक तास, मग लाइनवर चहाच्या सुट्टीपर्यंत अडीच तास, म्हणून सकाळचा चहा अर्धा कप. एकोणीस वर्षं अर्धा कप. गाड्यांच्या वायरिंगचं काम. लांबलचक बोर्डावर खुंट्या, खुंट्यांवरून तारा ओढायच्या, बारा बायकांनी बारा जागी आपापलं काम करायचं, आणि बोर्ड पुढे सरकायचा. कुसुम सात नंबरला. रबरी टोपी बसव, तीन क्लिपा लाव, टेप गुंडाळ, हिरव्या मार्करनं ठिपका दे. चौऱ्याऐंशी सेकंद. पुन्हा टोपी, तीन क्लिपा, टेप, ठिपका. संडासला जायचं तर हात वर करायचा आणि रिलीव्हरची वाट बघायची. ती येऊन आपल्या जागेवर उभी राहिली की सात मिनिटं आपली. जाऊन येऊन सात. त्यातली तीन नुसती चालण्यात. आठव्या मिनिटाला बझर, आणि मग सगळ्या लाइनसमोर शोभा. त्यापेक्षा बायका पाणीच पीत नसत. दाबून धरत. मूळव्याध, लघवीची जळजळ, बद्धकोष्ठ, हा आपला वेगळा बोनस गं, असं म्हणून हसत. म्हणून तर पहिल्यांदा रक्त दिसलं तेव्हा कुसुमला काहीच वाटलं नाही. असतंच ते, आपल्या बायकांना असतंच.

रिलीव्हर होती सोजरबाई. निघोज्याची, तिथल्याच जुन्या घरातली, कुसुमपेक्षा दोन वर्षांनी मोठी, कॉन्ट्रॅक्टवर. तिला स्वतःची जागा नव्हती, स्वतःचा मार्कर नव्हता, पण बाराच्या बारा जागांचं काम तिच्या बोटांत होतं. जिथं उभी राहील तिथला रंग वापरायची. रजिस्टरात जाणाऱ्या बाईचं नाव लिहीत, सोजरबाईच्या रकान्यात नुसतं ‘रि.’ पहिले दोन महिने ती कुसुमच्या बाटलीतलं पाणी प्यायली नाही; कुसुमनंही पुढे केली नाही, का करावी? मग एका मे महिन्यात, पंखा बंद पडलेला असताना, तिनं न विचारता बाटली उचलली, घटाघट प्यायली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, लई ग्वाड हाय गं तुजं पानी. त्यानंतर कुसुमला हात वर करावा लागला नाही. कसं कळायचं त्या बाईला कोण जाणे! पोटात पहिली कळ यायची, कुसुम अजून ठरवतेच आहे की धरावं की सांगावं, तोवर मागून मिश्रीचा वास यायचा, पाठीवर एक खरखरीत तळवा टेकायचा. जा तू. मी हाय. तेवढंच. त्या तळव्याच्या आठवणीनं भर चौकात कुसुमला रडू कोसळेल असं झालं. आई गेली तेव्हाही तिला इतकं पोरकं वाटलं नव्हतं, हे तिचं तिलाच नवल वाटलं आणि थोडी लाजही.

घरी आली तर शेजारची बाई नवऱ्याजवळ, धम्मपालजवळ, बसून कंटाळली होती, चप्पल घालूनच उठली. तासाभरावर कुणी थांबत नाही. धम्मपालला आता एकच शब्द येतो, ‘हो’. भूक लागली की हो, नको असलं तरी हो, दुखलं की हो. सूर वेगळे, ते कुसुमला कळतात. आत्ताचा सूर खुर्चीवर बसव असा होता. भोक पाडलेल्या त्या खुर्चीवर त्याला बसवायचं म्हणजे काखेत हात घालून उचलायचं, गुडघा त्याच्या गुडघ्याला टेकवायचा, आणि तो बसला की त्याला सोडून हलायचं नाही. मागे एकदा ती दूध उतू जातंय म्हणून धावली, तर हा बाबा तोंडावर आपटला, दोन टाके पडले. आता ती हलत नाही. स्वतःची कळ आली तरी उभी राहते, पाय आवळून. हे सगळं ती वहीत लिहिते: किती वाजता खुर्ची, किती वाजता कूस बदलली, गोळ्या कधी. कंपनीची खोड, दुसरं काय. होसूरहून मुलाचा, प्रितमचा, फोन आला. सुट्टी मिळालीय, पण तपासणीच्या दिवशी सकाळी सातला पोचेन. तुला दवाखान्यात नेऊन आणतो. आदल्या संध्याकाळसाठी नर्सिंग ब्यूरोचा माणूस लावूया का आई? ब्यूरोचा माणूस मागे एकदा आला होता. धम्मपालला त्यानं पोतं उचलावं तसं उचललं, आणि धम्मपाल भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे बघत नुसता हो हो हो म्हणत रडला होता. “नको,” कुसुम म्हणाली, “माझं एक माणूस आहे.” बोलून गेली आणि मग तिच्या लक्षात आलं आपण काय बोललो.

माझं माणूस म्हणे! कुठल्या तोंडानं? नऊ वर्षांपूर्वी, पावसाळा संपता संपता, गाड्यांच्या कंपनीकडून एक हार्नेस, त्या तारांचा तयार जुडगा, परत आला. एक क्लिप नाही. तार घासून उघडी पडलेली. बारकोडावरून दिवस निघाला, वेळ निघाली, अकरा वाजून सतरा मिनिटं. आणि सात नंबरचा हिरवा ठिपका. रजिस्टर उघडलं. त्या दिवशी कुसुमचा रिलीफ अकरा बारा ते अकरा एकोणीस. केबिनमध्ये मॅनेजर, सुपरवायझर, कोपऱ्यात सोजरबाई, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मॅनेजरनं विचारलं, “कुसुमताई, म्हणजे त्या वेळी तुम्ही जागेवर नव्हता, बरोबर?” परतल्याची खरी वेळ कुणी लिहीत नसे, गेल्याच्या वेळेत सात मिळवायचे आणि लिहून टाकायचं. कुसुमला सगळं लख्ख आठवत होतं. त्या दिवशी संडासात पाणी नव्हतं, बाहेर बादली आडवी लावलेली. ती तशीच परत आली होती, चार मिनिटांत. पोटात मुरडा मारत होता, डोळ्यांपुढे काजवे, सोजरबाईला म्हणाली होती, जा तिकडं नऊ नंबरला गरज आहे. आणि मग घाम पुसत, मांड्या आवळत तिनं जे बोर्ड केले, त्यातला हा. हे तिला माहीत होतं. कुसुमनं मान हलवली. नुसती हलवली, तोंडानं शब्दही काढला नाही. प्रितमचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं, हे होतं, ते होतं. कारणं काय, मागाल तितकी मिळतात. महिन्याअखेर सोजरबाईचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, ते पुन्हा झालं नाही. जाताना ती काही बोलली नाही. बसमध्येही नाही. आपल्या थांब्यावर उतरली, आणि मागे वळून बघितलं नाही.

नंबर होता, पण तो लागेल का याचीही खात्री नव्हती. तीन दिवस कुसुम मऊ भात आणि पिवळं वरण खात राहिली आणि फोन हातात घेऊन ठेवत राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी मनाचा हिय्या करून लावला. पलीकडे कोंबड्यांचा आवाज. “कोन?” “मी, कुसुम. सात नंबर.” मग कुसुमनं जमेल तसं सांगितलं, तपासणी, डबा, पहाट, धम्मपाल, खुर्ची, एकच संडास, सगळं उलटसुलट. क्लिपेचं सोडून सगळं. सोजरबाईनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, “किती वाजता यायचं?”

ती दुसऱ्या दिवशी चारला आली. वाळली होती, पुढचे दोन दात नव्हते, पण चाल तीच, पाय न वाजवता येणारी. कुसुमला वाटलं होतं गळ्यात पडावं, पण दारात दोघी नुसत्या उभ्या राहिल्या, आणि सोजरबाई म्हणाली, “केस पिकलं की गं तुजं.” पिशवीतून नारळ काढले चार. धम्मपालसमोर जाऊन उभी राहिली, त्याच्याकडे निरखून बघितलं, जशी नव्या बोर्डाकडे बघायची. “हो,” धम्मपाल म्हणाला. सोजरबाईनं त्याची उशी अर्धा हात खाली सरकवली. “हो,” तो म्हणाला, वेगळ्या सुरात, आणि डोळे मिटले. कुसुम बघतच राहिली. तीन वर्षांत भाऊ, भावजया, शेजारी, कुणाला जे जमलं नाही, ते हिला दोन मिनिटांत! हेवा वाटला तिला, आणि हेव्याच्या खाली इतकं गोड काहीतरी हललं की ती स्वयंपाकघरात निघून गेली. वही दाखवली तर सोजरबाईनं चाळून ठेवून दिली. “राहू दे गं,” कुसुम म्हणाली, “मी आल्यावर लिहीन.”

सहाला पहिला ग्लास. चव म्हणाल तर मिठाच्या पाण्यात लिंबाचं साल चोळल्यासारखी. दुसरा, तिसरा, चौथा. पोट तट्ट फुगलं, काहीच होईना. “ह्यो डबा खोटा हाय,” सोजरबाई म्हणाली. आणि सातच्या सुमाराला एकदम आलं. कुसुम उठली आणि तेवढ्यात धम्मपालचा सूर लागला, खुर्ची, आत्ताच. ती जिथल्या तिथं थबकली. पाय आवळले. सवयच ती, तिच्या अंगानं कुणाला न विचारता केलं. मागून वास आला, तोच, मिश्रीचा, आणि पाठीवर तळवा टेकला. “जा तू. मी हाय.”

आतून कडी लावून कुसुम बसली आणि तिला काय झालं तिलाच कळेना, डोळ्यांतून धारा लागल्या. खालून धार, वरून धार, असली कसली ही अवस्था! हसूही आलं. बाहेर सोजरबाई धम्मपालला खुर्चीवर बसवत काहीबाही बोलत होती, भाताची लावणी, कंपनीत गेलेल्या जमिनी, तिच्या सुनेचा मोबाइल. तो मधूनमधून हो म्हणत होता, आणि तो हो कुसुमनं तीन वर्षांत ऐकला नव्हता, तो नुसता गप्पांतला होता. कुणी आपल्या जागेवर उभं आहे. आपण इथं बसलोय आणि तिकडं कुणी पडणार नाही. एवढंच तर हवं होतं. लग्नाआधी, लग्नानंतर, लाइनवर, घरात, एवढंच. पण सातव्या मिनिटाला ती उठलीच. बाहेर आली तर सोजरबाईनं तिच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. “एवढ्यात? मागं फिर. आज बझर न्हाई.”

ती मागे फिरली. कडी लावली. पुन्हा बसली, पुन्हा आलं, आता बरंचसं पाणीच. एवढं सगळं आत होतं? कधीपासूनचं? तिला एकाएकी वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही. समोरासमोर आपल्याला जमायचं नाही, हे लाकडी दार मध्ये आहे तोवरच. “सोजरबाई,” ती आतून म्हणाली. “काय गं? पानी संपलं का?” “ती क्लिप माझी होती.” फ्लशची टाकी भरत होती, तिचा आवाज. “मी चार मिनिटांत परत आले होते. बोर्ड माझा होता. मला माहीत होतं, तेव्हाच.”

“मला बी म्हाईत व्हतं,” सोजरबाई म्हणाली. आवाज अगदी दाराजवळून आला. “तू चार मिन्टात आलीवतीस. मीच तर जागेवर व्हते.”

“मग बोलली का नाहीस?”

“कॉन्ट्रॅक्टच्या बाईचं कोन ऐकतंय? आन् तू बोलशील, असं वाटलं मला. केबिनीत उभी व्हते न्हवं, तवा वाटलं, आता बोलंल. बाहेर आलो, तवा वाटलं, बसमदी बोलंल. राग आला व्हता. लई आला व्हता, कुसुम. वर्सभर रोज तुज्या नावानं बोटं मोडली. मग लेकीचं लगीन आलं, मालक गेलं, राग करायला सवड कुठाय? पर तुजी याद यायची. हिकडं कुनाचं पोट दुखाया लागलं की यायची.” कुसुम आत हुंदके देत होती. “बास आता. बाहेर ये. तुजा ग्लास व्हायचाय अजून. आन् खरं सांगू का, आत बसूनच सांगितलंस ते बरं केलंस. तोंड बगून मला परत राग आला असता.”

माफ केलं असं ती म्हणाली नाही. कुसुमनं ते शोधलं, त्या रात्री पडल्यापडल्या, पहाटे साडेचारला पुन्हा उठून कालवलेलं पाणी पिताना, तिच्या प्रत्येक शब्दात शोधलं; नव्हतं. पण सहाला ती संडासातून बाहेर आली आणि म्हणाली, “सोजरबाई, तळ दिसतोय,” तेव्हा ती बाई चक्क आत गेली, वाकून बघून आली. “पास,” म्हणाली. सातला प्रितम आला. निघताना कुसुमनं दहा गोष्टी सांगितल्या, पेज पातळ कर, खुर्चीवर असला की हलू नकोस. “व्हय, व्हय,” सोजरबाई म्हणाली, “जा तू.”

दवाखान्यात सुई टोचता टोचता सिस्टरनं पुन्हा तेच विचारलं, आणि कुसुमनं जड होत चाललेल्या जिभेनं नाव सांगितलं, आख्खं. पुढचं तिला आठवत नाही. जाग आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, आतून अगदी नितळ होतं, छान दिसलं. दोन छोट्या गाठी होत्या, काढल्या. तपासायला पाठवल्यात, आठ दिवसांनी कळेल. आठ दिवस. प्रितम रिक्षात तिचा हात धरून बसला होता आणि तिच्याहून जास्त तोच घाबरलेला होता.

घरी पोचले तेव्हा चार वाजले होते. धम्मपाल दाढी केलेला, कूस बदलून झोपलेला. सोजरबाई पिशवी भरत होती; सहाची बस होती तिला. कुसुम पलंगाशी बसली आणि सवयीनं वही उघडली, दिवसभराचं लिहायला. पान भरलेलं होतं. मोठीमोठी, वाकडी, चौथीपर्यंतच्या शाळेची अक्षरं.

साडेनऊ गोळ्या दिल्या. सोजर.
अकरा खुर्ची. सोजर.
एक वाजता पेज पाजली. वाटी सांडली. माझ्या हातनं सांडली. चादर धुतली. सोजर.

कुणी विचारलं नव्हतं. चादर बदललेली होती, धम्मपालला सांगता येणार नव्हतं, कुणाला कधी कळलं नसतं. कुसुमनं ती ओळ पुन्हा वाचली, मग पुन्हा. तिचे कान, मान, सगळं तापलं. वर बघायची हिंमत होईना. इतक्या वर्षांत या बाईकडून तिनं एकच ऐकलं होतं, जा. आणि स्वतः कुणाला थांब म्हणायचं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

“सोजरबाई,” ती वहीकडेच बघत म्हणाली, “आज जाऊ नकोस.”

सोजरबाईनं पिशवीचा बंद आवळलेला होता. तिनं तो सैल केला. मग पिशवी दाराआड टेकवली.

“चहा टाक मग,” ती म्हणाली. “दूध चालतंय न्हवं आता तुला? आन् तुजा कप भरून घे. अर्धा न्हाई.”